आहेराचं पाकीट हलकं करा, पण जाणं बंद करू नका

पैशाची ओढाताण सुरू झाली की आपल्याकडे सगळ्यात आधी जाण्यायेण्यावर गदा येते. मोबाईलचा रिचार्ज चालू राहतो, गाडीचा हप्ता चालू राहतो, पण "यंदा कुणाच्या लग्नाला जायचं नाही" असं घरात ठरतं. ही काटकसर मला साफ चुकीची वाटते. दवाखान्यात रात्री थांबायला, परीक्षेसाठी लेकराला लातुरात दोन दिवस ठेवून घ्यायला, ऐन पेरणीत औत द्यायला हीच माणसं लागतात. कमी करायचं ते देण्याघेण्याचं ओझं, आणि ते कमी होतं.

मुळात घोळ महिन्यांचा आहे. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. लग्नांची दाटी मात्र एप्रिल-मेमध्ये. तोवर हात रिकामा, आणि जून लागला की बी-खत अन् शाळेची फी उभीच. मग आहेरासाठी उसनवारी होते, नाहीतर तीन रुपये शेकड्याने पैसे उचलले जातात. महिन्याला तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला 36 टक्के. दहा हजारांना वर्षाचे 3,600 रुपये नुसतं व्याज.

त्यापेक्षा सोयाबीन विकल्या दिवशीच लग्नसराईचा पैसा वेगळा काढा. मोठी भावकी असलेल्या घराला हंगामात तीसेक पत्रिका सहज येतात. त्यातली अगदी जवळची पाच घरं 1,001 ची, सोयऱ्यातली दहा 251 ची, गावातली-ओळखीतली पंधरा 101 ची धरली तर 9,030 रुपये होतात. प्रवासाला तीन हजार धरा. बारा हजारांच्या घरात गेलो. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, त्या हिशोबानं हा सव्वादोन क्विंटलचा पैसा. बाजारात भाव बहुतेक वेळा त्याच्या खालीच मिळतो, म्हणून तीन क्विंटलचा पैसा बाजूला टाका. नोकरदारांनी महिन्याला हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकले तरी तोच हिशोब बसतो.

आता आहेर फुगतो कसा ते बघा. प्रत्येक घरात लग्नाची वही असते. कुणी किती लिहिले ते तीत असतं, आणि परत करताना "बरोबरीचं कसं द्यायचं" म्हणून आपण वर पन्नास चढवतो. समोरचाही तेच करतो. 101 चे 151 होतात, 151 चे 201. दोन्ही घरांनी वाढवलं, फायदा कुणाचाच झाला नाही. वहीत जेवढा आकडा आहे तेवढाच परत करा. लग्नाला दहा-बारा वर्षं होऊन गेली असतील तर महागाई धरून वाढवा, पण चार-पाच वर्षांत जशास तसा आकडा द्यायला काहीच हरकत नाही. कुणीतरी थांबल्याशिवाय ही चढाओढ थांबत नाही.

टॉवेल-टोपी आणि देण्याघेण्याच्या साड्या तर मला बंदच झालेल्या हव्या आहेत. दोनशे रुपयांची ती साडी कुणी नेसत नाही. या कपाटातून त्या कपाटात फिरते, आणि कधी कधी जिने दिली तिच्याच घरी परत येते. तुमच्या घरी कार्य असेल तर पत्रिकेत "कपड्याचे आहेर आणू नयेत" असं छापा, आणि मुख्य म्हणजे तुम्हीही करू नका. घेतले नाहीत पण केले, असं झालं की पुढच्या माणसाला अवघडल्यासारखं होतं आणि तो परत साडी घेऊन येतो.

प्रवासाला एसटी. महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे, 75 वर्षांपुढच्यांना पूर्ण मोफत. साठ किलोमीटरवरच्या लग्नाला नवरा-बायको जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास भागतं. तेच चारचाकीला सात-आठ लिटर पेट्रोल, म्हणजे साडेसातशे-आठशे. एक ध्यानात ठेवा : ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. उदगीरकडून बिदर-भालकीला सोयऱ्याकडे निघालात तर हद्दीपुढचं तिकीट पूर्ण पडतं. म्हाताऱ्या माणसाचं आधार कार्ड सोबत घ्या, नाहीतर वाहकाशी वाद होतो.

मयतीच्या घरी मात्र हिशोब लावू नका. तिथं जायचंच. कडू घास नेताना तीस भाकरी आणि अर्धा किलो बेसनाचं पिठलं वीस माणसांना पुरतं. खर्च फार नाही, वेळेला पोचणं महत्त्वाचं.

माणसं घरी बोलवायला लोक बिचकतात, कारण "काय करायचं" म्हटलं की डोळ्यापुढं पनीर आणि गुलाबजाम येतात. आपल्याकडे मुरमुऱ्यांची सुशीला आहे की! दहा जणांना अर्धा किलो मुरमुरे, तीन मोठे कांदे, सात-आठ मिरच्या, वाटीभर शेंगदाणे आणि वाटीभर डाळव्याचं कूट. मुरमुरे आधी चाळून घ्या. मग पाण्यात बुडवून लगेच पिळून काढा, तिथं रेंगाळलात की लगदा झालाच. फोडणीत शेंगदाणे आधी तळून घ्यायचे, मग मोहरी, जिरे, कढीपत्ता, मिरची, कांदा, हळद. मुरमुरे घालून एक वाफ आली की गॅस बंद करायचा आणि मग कूट भुरभुरायचं. राहिलेलं पाणी ते कूट शोषून घेतं, त्यामुळे सुशीला मोकळी होते. मुरमुरे खारे असतात, म्हणून मीठ निम्मंच. सोबत चहा. दहा जणांचं दोनशेच्या आत उरकतं. हॉटेलात तेवढ्यात एकाचं जेवण होतं.

भिशीचंही तसंच. बारा जणींची हजाराची भिशी ही चांगली बचत आहे, पण दर महिन्याला हॉटेलात तीनशेचं जेवण धरलं तर वर्षाला 3,600 गेले, बचतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. घरी बसा. बोलीची भिशी नको, तीत सगळ्यात जास्त नड असलेली बाईच सगळ्यात जास्त पैसे सोडून उचलते. चिठ्ठी टाका, दर महिन्याला वहीवर सह्या घ्या. जिनं भिशी जमवली तिनं शेवटी उचलावी, म्हणजे आधी उचललेल्यांचे हप्ते वसूल करायची काळजी तिलाच राहते.

आणि येळवस, म्हणजे वेळ अमावस्या! लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून भज्जी, आंबील, उंडे वाढतात. वर्षातली सगळ्यात मोठी गाठीभेट, आणि पाकिटाचा प्रश्नच नाही. शहरातून जाणाऱ्यांनी मिठाईचे डबे नेण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पोचावं आणि भज्जीसाठी तूर, वाटाणा, हरभरा सोलायला बसावं. घरातल्या बायांचे त्यात चार-चार तास जातात, खरी मदत तीच.

राहिला मित्रांचा ढाबा. गल्ल्यावर सगळे एकदम पाकीट काढतात आणि ज्याच्या खिशात कमी तोच भिडेपोटी पुढे होतो. कुणाचं तरी फुकट खात राहणं वाईट, आणि ऐपत नसताना सगळ्यांचं बिल भरणं त्याहून वाईट. "मी येतो, जेवण घरी आहे, चहा घेईन" किंवा "आपापलं देऊ" हे घरातून निघतानाच फोनवर सांगून टाका, बिल टेबलावर आल्यावर नाही.