‘सोन्याहून भारी’ विमानाचं वजन पाऊण तोळा

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘सराफ कट्ट्यावर जाऊ नका, विमान घ्या’. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून बनवलेली, छोटी मॉडेलं घेऊन ठेवा, असा सल्ला आहे. कारणं अशी : धातूची असल्यानं ती कधी खराब होत नाहीत, जितकं जड तितकं अस्सल, लिमिटेड एडिशन असल्यानं भाव फक्त चढतो, ब्रिटिश विमानाच्या गोल चिन्हात लाल ठिपका नसेल तर माल डुप्लिकेट, आणि डबा कधीच फोडायचा नाही. ही विमानं मला भयंकर आवडतात, म्हणून तर गप्प बसवेना.

वजनाचंच आधी घेऊ, कारण दुकानात जो तो मॉडेल हातात तोलून मान डोलावतो. अशा मॉडेलांचं एक नेहमीचं प्रमाण 1:72, म्हणजे खऱ्या विमानापेक्षा लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही 72 पटींनी कमी. वजन त्याच हिशेबानं उतरवायचं तर 72 चा घन, म्हणजे 3,73,248 नं भागायला हवं. स्पिटफायर हे त्या युद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. सुरुवातीचं स्पिटफायर उडताना भरायचं पावणेतीन टनांच्या आसपास. भागून बघा, साडेसात ग्रॅमसुद्धा येत नाहीत. सराफाच्या भाषेत पाऊण तोळा! हातातलं मॉडेल जड लागतं ते जस्ताच्या मिश्रधातूमुळे. खऱ्या स्पिटफायरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या धडाचा मागचा भाग तर कापडानं मढवलेला, आणि मॉस्किटो हे तिसरं ब्रिटिश विमान बव्हंशी लाकडाचं. त्याचं ‘जड म्हणून अस्सल’ मॉडेल कसं करणार?

अस्सलपणा बघायचाच असेल तर पंखाची मागची कड बघा. ती 1 मिलिमीटर जाड असेल तर खऱ्या विमानावर ती 7 सेंटिमीटरांहून जास्त झाली. पत्र्यांच्या जोडावरची अर्ध्या मिलिमीटरची खाच म्हणजे साडेतीन सेंटिमीटरांची फट. अशा विमानात कोण बसेल? धातू इतका पातळ ओतणं अवघड, म्हणूनच ॲंटेना, पंख्याची पाती, चाकांचे दरवाजे असे नाजूक भाग बहुतेक कंपन्या प्लॅस्टिकचे करतात. लोक त्यालाच नाकं मुरडतात.

‘धातू खराब होत नाही’ हे कुपवाडच्या एमआयडीसीत ओतकाम केलेल्या माणसासमोर बोलून बघा. जस्तात शिसं किंवा कथील थोडं जरी मिसळलं तरी धातू आतून, कणाकणाच्या सीमेवरून सडत जातो. आधी रंग फुगतो, मग केसाएवढ्या भेगा पडतात आणि शेवटी पंख बोटांत चुरतो. 1930 च्या दशकातली डिंकी टॉइज या ब्रिटिश खेळण्यांच्या ब्रँडची कित्येक विमानं अशीच गेली. 99.99 टक्के शुद्ध जस्त वापरणारा झमाक हा मिश्रधातू 1929 मध्येच आला होता. पण कारखान्यात भेसळ झाली की नाव काही कामाचं नाही. दमट हवेत हे आणखी वेगानं होतं, आणि कृष्णाकाठी आषाढ-श्रावणात हवा कशी असते हे सांगायला नको.

भावाचं. ‘लिमिटेड’ असतं ते बहुधा त्या रंगाचं आणि त्या क्रमांकाचं विमान. साचा महाग असतो, त्यामुळे कंपनी त्याच साच्यातून पुढच्या वर्षी दुसऱ्या स्क्वाड्रनचं (हवाई तुकडीचं) विमान काढते. नवा, सुबक साचा आला की जुन्याला गिऱ्हाईक राहत नाही. आपल्याकडे भाव चढलेला दिसतो त्यात सीमाशुल्काचा मोठा हात आहे. स्केल मॉडेलं खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, आणि खेळण्यांवरचं शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. हे पैसे तुम्ही भरलेत, लंडनचा खरेदीदार ते का परत देईल? सोनं कट्ट्यावर कुठलाही सराफ वजनावर घेतो. विमानाला मात्र तेच विमान हवं असलेला माणूस शोधावा लागतो. शिवाय निम्मी किंमत पुठ्ठ्याच्या डब्याची. 2019 च्या पुरात गावभागातल्या माझ्या एका मित्राच्या तळमजल्यावरची विमानं पुसून स्वच्छ झाली, डब्यांचा मात्र लगदा झाला. नंतर भाव विचारला तर समोरच्याचा पहिला प्रश्न : “डबा आहे का?”

लाल ठिपक्याचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा. गफलतीत आपल्याच विमानावर गोळीबार होऊ नये म्हणून तिथल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरचा लाल ठिपका काढून टाकला, गडद आणि फिका निळा एवढंच ठेवलं. म्हणजे भारतीय वैमानिकांनी तिथे उडवलेल्या हरिकेनचं नेमकं मॉडेल या मेसेजच्या लेखी डुप्लिकेट! असं कुणी स्वस्तात काढत असेल तर मला कळवा.

राहिला बंद डबा. आतला फोम वर्षानुवर्षं चिकटून राहिला की रंगावर डाग उठवतो. दसऱ्याच्या सुमाराला, हवा कोरडी झाली की विमान एकदा बाहेर काढा, पंखाच्या मुळाशी भेग किंवा फुगवटा आहे का ते उजेडात बघा. असला तर त्यावर उपाय नाही, आणि डबा बंद ठेवला म्हणून तो थांबतही नाही.