नुसता उतारा पाहून माल्टचं सातू निवडू नका

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगले पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर जोरात फिरतोय. क्षारपड, म्हणजे मीठ साचलेल्या रानात ऊस परवडत नसेल तर माल्टची बार्ली, म्हणजे मोड आणून वाळवून बिअरला वापरतात ते सातू लावा. उत्तरेकडचं सर्वांत जास्त उताऱ्याचं, म्हणजे एकरी सर्वांत जास्त पिकणारं वाण आणा, युरियाला हात आखडू नका, एकरी २५ क्विंटल निघेल आणि बिअर कंपन्या दारातून माल उचलतील, असं त्यात म्हटलंय. लोक बियाण्याची चौकशी करू लागलेत, म्हणून एकेक दावा तपासू.

‘क्षारपडीत सातू येतं.’ हे अर्धंच खरं आहे. मीठ सोसण्यात सातू गव्हाच्याही पुढे आहे. पण शिरोळचं दुखणं नुसतं मिठाचं नाही. पंचगंगा-कृष्णाकाठच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं उसाला पाणी देऊन भूजल वर आलंय आणि निचरा राहिलेला नाही. सातू मीठ सोसतं, साठलेलं पाणी सोसत नाही. मुळं गुदमरली की पानं पिवळी पडतात, फुटवे कमी येतात. जिथं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा झालाय, तिथं या पिकाचा विचार जरूर करा. निचरा न करताच सातू पेरून क्षारपड सुटेल, हे मात्र होणार नाही.

‘जास्त उतारा देईल ते वाण चांगलं.’ माझा खरा आक्षेप इथं आहे. माल्ट करताना दाणा भिजवतात, मोड आणतात आणि मग भट्टीत वाळवतात. म्हणजे कारखान्याला जिवंत आणि एकसारखा दाणा लागतो. लहान-मोठे दाणे एकत्र भिजवले तर लहान आधी पाणी पितात, मोठे मागे राहतात आणि मोड एकसाथ येत नाहीत. सहा ओळींच्या कणसात प्रत्येक पेऱ्यावर तीन दाणे भरतात, त्यातले कडेचे दोन बहुधा बारीक राहतात. दोन ओळींच्या कणसात फक्त मधला दाणा भरतो, म्हणून तो टपोरा आणि सारखा असतो. कर्नालच्या गहू-जव (जव म्हणजे सातूच) संशोधन संस्थेचं डीडब्ल्यूआरयूबी ५२ हे असंच दोन ओळींचं माल्टचं वाण. सहा ओळींच्या जातींतही माल्टला चालणाऱ्या आहेत, पण जनावरांच्या खाद्यासाठी काढलेली, भरपूर पिकणारी जात माल्टवाल्यासमोर ठेवली तर तो खाद्याचाच भाव देणार. त्याची कसोटी साधारण अशी असते: उगवण ९५ टक्क्यांच्या वर, प्रथिनं ९ ते ११.५ टक्के, २.५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारे दाणे ९० टक्क्यांच्या आसपास. एकरी दोन क्विंटल कमी देऊन या चाळणीवर टिकणारं वाण शेतकऱ्याच्या हातात जास्त पैसे ठेवू शकतं.

‘युरिया भरपूर टाका.’ या सल्ल्यानं तर मजकुराचं पुढचं आश्वासनच मोडतं. युरियातलं नत्र गरजेपेक्षा जास्त झालं, विशेषतः उशिरा दिलं, की दाण्यातली प्रथिनं वाढतात आणि तेवढा स्टार्च घटतो. बिअरला लागणारी साखर स्टार्चमधूनच येते. वर प्रथिनं जास्त असली की बिअर गढूळ होण्याची भीती. शिवाय पीक लोळतं, ते वेगळंच. उसाला खत घालायची सवय झालेल्या हातांना इथं खरोखर आवरावं लागेल.

‘एकरी २५ क्विंटल.’ म्हणजे हेक्टरी साठच्या वर. देशाची सरासरी हेक्टरी तीस क्विंटलच्या आसपास, म्हणजे एकरी बारा. राजस्थान-हरियाणाच्या लांबलेल्या थंडीत काळजीनं घेतलेल्या चाचणीतला आकडा कोल्हापूरच्या रानाला लावता येत नाही. आपल्याकडे हिवाळा आखूड असतो. फेब्रुवारीत ऊन तापलं की दाणा नीट भरायच्या आत पीक पक्व होतं, दाणा बारीक राहतो आणि प्रथिनांचं प्रमाण चढतं. सोयाबीन काढून नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलं तर थोडी थंडी मिळेल. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा आलेला ऊस, तुटायची वाट बघत जानेवारीत पेरलं तर माल्टचा विषयच सोडा.

वाण पारखायचं तर चार-पाच जाती एकाच दिवशी, एकाच रानात, प्रत्येकी तीन-चार वेगवेगळ्या वाफ्यांत पेरा. सोबत माहितीतली एक जात तुलनेला ठेवा. प्रत्येक वाफ्याचं धान्य वेगळं मळून तोला, चाळा, प्रथिनं तपासून घ्या आणि हे किमान दोन हंगाम करा. एका वर्षाच्या थंडीवर निकाल देऊ नका. मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवू नका, कारण तुटलेल्या दाण्याला मोड येत नाही.

‘कंपनी दारातून उचलते.’ करार असेल तरच. बियाणं विकणाऱ्यालाच खरेदीदार समजू नका. पेरणीआधी खरेदीदाराकडून जात, प्रथिनांची मर्यादा, चाळणीचं माप, ओलावा आणि नापास मालाचा दर लेखी घ्या. तो हे लिहून देत नसेल, तर त्या रानात शाळू किंवा हरभराच पेरा.