शिक्का नंतर, आधी बूड बघा

तुमच्या लेखात कांस्य धूपपात्राच्या बुडावरचा सहा अक्षरी चिनी शिक्का पाहून ते थेट पंधराव्या शतकातलं ठरवलंय. पटलं नाही. हा शिक्का चीनच्या मिंग घराण्यातल्या श्वान्द सम्राटाच्या नावाचा. त्याची कारकीर्द १४२५ ते १४३५ एवढीच, पण त्याच्या नावाचा शिक्का पुढे कित्येक शतकं, अगदी विसाव्यातही, सर्रास उठवला गेला. आमच्या नाशकात भांडीबाजारात मोड घेणारे जुने लोक भांडं आधी उपडं करतात. खरी झीज बुडाच्या कडेला, कड्यांवर, नक्षीच्या उंचवट्यांवर दिसते. खाचांत मळ तसाच राहतो. आम्ल लावून ‘जुना’ केलेला माल सगळीकडून सारखाच हिरवा, आणि नखाने खरवडलं की भुकटी हातात! जपानी वस्तूंचं जरा सोपं. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून रोमन लिपीत ‘निप्पॉन’ असेल तर साधारण १९२१ पर्यंतची, ‘जपान’ असेल तर बहुधा त्यानंतरची. नावच नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण सगळा माल काही अमेरिकेला जात नव्हता. बुडाचा फोटो टाकाल का? आणि तोवर कृपा करून चिंच-पितांबरी लावू नका, एकदा घासलं की संपलं.