करावे कोणी, भरावे कोणी

'कर नाही त्याला डर कशाला' या म्हणीतला 'कर' म्हणजे प्राप्तिकर नव्हे, हे मला दर वर्षी विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या रात्री नव्याने उमगते. वास्तविक मी काहीही लपवलेले नसते. लपवण्याजोगे काही मिळवणे मला आजवर जमलेलेच नाही. माझा कर पगारातूनच परस्पर कापला जातो, म्हणजे जे पैसे माझ्या हाती कधी आलेच नाहीत ते मी सरकारला दिल्याचे पुन्हा मीच सरकारला कळवायचे असते. बरे, उत्तर त्या संगणकाला आधीच ठाऊक असते. तरीही तोंडी परीक्षा घेणाऱ्या खडूस मास्तरासारखा तो मलाच विचारतो आणि एका रुपयाचा फरक पडला की लाल अक्षरांत डोळे वटारतो.

अशा वेळी मी इतिहासाकडून धीर घेतो. इंग्लंडात 1696 पासून 1851 पर्यंत खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून अंधारात राहणे पत्करले. रशियाच्या पीटर झारने दाढीवर कर बसवला होता व तो भरणाऱ्याला पुरावा म्हणून धातूचा बिल्ला मिळत असे. (माझ्या पावतीपेक्षा तो बिल्ला नक्कीच टिकाऊ असणार.) प्राप्तिकर तर ब्रिटनमध्ये 1799 साली फ्रान्सशी चाललेल्या युद्धापुरता आला, 1816 मध्ये रद्द झाला, 1842 मध्ये परतला आणि कायद्याच्या भाषेत तो तिथे आजही तात्पुरताच असून दर वर्षी त्याला नव्याने मंजुरी द्यावी लागते. आमच्याकडे राहायला आलेल्या एका पाहुण्यांची मला इथे हटकून आठवण होते.

यंदा मध्यरात्रीच्या सुमारास मी संतापून म्हणालो, "आमच्या पैशांवर हे लोक काय वाटेल ते करतात! करावे तसे भरावे म्हणतात. इथे करणारे वेगळे आणि भरणारे वेगळे."

"आमच्या म्हणजे कोणाच्या?" पलीकडून सौभाग्यवतींनी विचारले. "विवरणपत्र न भरणारासुद्धा बहुतेक खरेदीवर कर देतोच. चॉकलेट घेणारे पोरही करदातेच आहे, पण ते काही मिरवत नाही. आणि काय हो, ते काय वाटेल ते म्हणजे नेमके काय करतात, हे तुम्ही कधी वाचले आहे का?"

भाजीच्या हिशेबात दोन रुपये कमी पडले तर तासभर उलटतपासणी घेणारा मी, या प्रश्नावर गप्प झालो. अर्थसंकल्प छापला जातो, खर्चाचे लेखापरीक्षण होते, त्याचा अहवाल लोकप्रतिनिधींच्या सभागृहापुढे ठेवला जातो आणि तो कोणालाही वाचता येतो, हे सारे मी शाळेत पाच गुणांसाठी पाठ केले होते. ईर्ष्येने तो अहवाल उघडला. 'अखर्चित निधी', 'पुनर्विनियोजन', 'उपयोगिता प्रमाणपत्रे अप्राप्त' अशा शब्दांची ती तटबंदी पाहून, जनतेपासून काही लपवायचे असेल तर ते छापून काढण्याइतका सुरक्षित मार्ग दुसरा नसावा, असे मला वाटले. तरी अकराव्या पानापर्यंत मी तग धरला. तिथे एका यंत्राची हकिगत होती: यंत्र वेळेत खरेदी झाले, पैसेही चुकते झाले, मात्र ते बसवायची खोली बांधायची राहून गेल्याने ते वेष्टनातच पडून होते. 'आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते' असे मी म्हणणार होतो. पण इतकी वर्षे न बघता जाते ओढणारा कोण, हे आठवून थांबलो.

मग आवेशाने आमच्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहायला घेतले. कर सल्लागाराचा दूरध्वनी क्रमांक मला तोंडपाठ आहे, प्रतिनिधीचे नाव मात्र काही केल्या आठवेना. सौभाग्यवतींनी ते झोपेतच सांगितले. 'माननीय महोदय, त्या खोलीचे काय झाले?' एवढे लिहून होईपर्यंत संगणकाने कळवले की बराच वेळ हालचाल न केल्यामुळे मला बाहेर काढण्यात आले आहे आणि विवरणपत्र आता पहिल्यापासून भरावे लागेल.