नाताळात घर बदलताय? बिनधास्त बदला!

सगळ्यात आधी अभिनंदन. जग गोव्याला निघालेलं असताना तुम्ही इंदूरच्या लोकमान्यनगरातून पिपल्याहानाला निघालात, याला हिंमत लागते. आता आठवडा तसा तुम्ही निवडला नाही, तो भाडेकराराने निवडला. वर्षाचा करार केला तर रजिस्ट्री करावी लागते म्हणून सगळे 11 महिन्यांचाच करतात, आणि 1 फेब्रुवारीला पेढा खात सही करताना 11 महिने बरोबर 31 डिसेंबरला संपतात हे बोटांवर मोजायचं तुम्हाला सुचलं नाही. घरमालकांना सुचलं होतं.

मुहूर्ताचं टेन्शन घेऊ नका, मुहूर्त नाहीच आहे. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य धनू राशीत गेला की संक्रांतीपर्यंत आपला धनुर्मास आणि इथल्या लोकांचा मलमास, त्यात गृहप्रवेश कोणी करत नाही. घरमालक स्वतः मलमासात साधा स्क्रूसुद्धा विकत घेत नाहीत, पण भाडेकरू मलमासात बाहेर पडला तर शास्त्राची काही हरकत नसते म्हणे. पुण्याहून आत्याचा फोन येईल, "अगंबाई, धनुर्मासात घर बदलताय?" आणि त्याच दमात, "पहाटे उठून मुगाची खिचडी आणि तीळ लावून बाजरीची भाकरी तरी करा हं". करा की. नाहीतरी हम्माल सहाला येतो म्हणालेत म्हणून तुम्ही पाचला उठलेलेच असता. ते अकराला येतात, तोवर खिचडी पचते.

पॅकिंग शेवटच्या दोन दिवसांवर ठेवा, सुट्टीच तर आहे, आरामात होईल (हे वाक्य आमच्याकडे मी म्हटलं होतं, तेव्हापासून बायको माझ्याशी फक्त खोक्यांबद्दल बोलते). सुरुवात माळ्यावरून करा. तिथे संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटलेली आणि मिळालेली वाणं निघतील, प्लॅस्टिकच्या वाट्या, गाळण्या, चिमटे, एकावर एक सेहेचाळीस डब्या ज्यांची झाकणं दुसऱ्याच सेहेचाळीस डब्यांची आहेत. टाकू नका, पुढच्याच महिन्यात संक्रांत आहे, लागतील. मग दिवाळी अंकांचा गठ्ठा घ्या, त्यावर बसा, एक उघडा आणि अर्धी दुपार घालवा. रजया सगळ्यात खाली भरा कारण त्या मऊ असतात. रात्री पारा आठ-नऊवर उतरला की नव्या घरात चादरी समजून पडदे पांघरता येतात.

खोक्यांवर नावं लिहायला विसरू नका. पहिल्या खोक्यावर सुवाच्य अक्षरात 'स्वयंपाकघर, रोजचे मसाले, डावीकडचा कप्पा' लिहा. चौथ्यावर 'किचन'. सातव्यापासून पुढे सगळीकडे 'इतर'.

जुनं सामान टाकून देऊ, असा एक फालतू विचार मध्येच येतो. पण हे इंदूर आहे, 2017 पासून स्वच्छतेत उगाच नंबर वन येत नाहीये. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली की गाडीवरच्या ताईला सांगावं लागतं की हे ओलं, हे प्लॅस्टिक, हे ई-वेस्ट, असे सहा प्रकार आहेत. बंद पडलेला मिक्सर, त्याचं स्टीलचं भांडं आणि त्या भांड्यात 2014 साली ठेवलेली सुकी लाल मिरची हे एकत्र घेऊन खाली गेलात तर ताई तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ती नजर टाळायला तुम्ही तिन्ही वस्तू परत वर आणाल. आम्ही आणल्या. नव्या घरात आहेत, 'इतर' मध्ये.

गाडी 25 तारखेलाच बोलवा, ऑफिस बंद असतं ना. छोटा हाथीवाला संध्याकाळी हजर होईल आणि फ्रिज बघून म्हणेल, "भिया, फ्रिज का तो बोला ही नहीं था." जसं काही आपण 11 महिने दूध गॅलरीत ठेवत होतो. मग पुढे तो, मागे स्कूटरवर तुम्ही, पायांत तुळशीची कुंडी, मागच्या सीटवर बायको आणि तिच्या मांडीवर देव्हारा, अशी वरात व्हाइट चर्चच्या चौकात अडकते. सगळं शहर लाइटिंग बघायला बाहेर पडलेलं असतं. लाल टोप्या, फुगे, सेल्फी. एक पोरगा देव्हाऱ्याकडे बघून मनापासून "मेरी ख्रिसमस आंटी" म्हणाला, आणि आंटीसुद्धा बाळकृष्णाला सावरत "सेम टू यू" म्हणाली. संपूर्ण दिवसात ती तेवढंच गोड बोलली.

नव्या घरी पोचलात की दूध उतू घाला, पातेलं सापडलं तर. गॅस, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म वगैरे होत राहील, पण पहिला प्रश्न एकच विचारायचा, नर्मदा, म्हणजे नळाचं पाणी, कधी येते? जुन्या घरी सम तारखेला यायची म्हणून आपण निवांत असतो, इथे ती विषम तारखेला पहाटे येऊन गेलेली असते. म्हणजे आता परवा. एक दिवसाआड येणाऱ्या पाण्याची नवी तारीख अंगवळणी पडेपर्यंत करार संपतो.

आणि मग बेल वाजते. समोरच्या फ्लॅटमधल्या केरळच्या ताई स्टीलच्या ताटलीत प्लम केक घेऊन उभ्या, वरून क्रोशाचा रुमाल. केक अप्रतिम होता, पातेलं सापडलेलं नव्हतं म्हणून रात्रीचं जेवण तोच झाला. पण ताटली रिकामी परत द्यायची नसते, हे आपल्या हाडात भिनलेलं. निदान चमचाभर साखर तरी घालून द्यावी. साखर 'इतर' मध्ये आहे. 'इतर' नऊ आहेत.

आज 2 जानेवारी. ताटली ओट्यावर आहे, ताई लिफ्टमध्ये भेटल्या की मी फोनवर बोलत असतो. चौथा खोका काल उघडला, त्यात चिरंजीवांची सांताची टोपी निघाली, जी 23 तारखेला शाळेत हवी होती.