लाल ताऱ्याला लागलेली कसर

परदेशी क्रांत्यांच्या आत शिरून लिहिणाऱ्या पत्रकारांची तोंडं बंद करायला सरकारांनी जंग जंग पछाडलं. अमेरिकन पत्रकार जॉन रीड रशियन क्रांती पाहून १९१८ साली अमेरिकेत परतला, तेव्हा त्यानं पेट्रोग्राडच्या भिंतींवरून सोलून आणलेली पत्रकं, वर्तमानपत्रं, टिपणवह्या असा सगळा बोजा बंदरावरच जप्त झाला. तो सुटायला नोव्हेंबर उजाडला, तरी त्याचं 'टेन डेज दॅट शुक द वर्ल्ड' हे पुस्तक १९१९ मध्ये निघालंच. पुढं स्टालिनच्या रशियातून ते गायब झालं, कारण त्यात स्टालिनचा वैरी ट्रॉट्स्की पानोपानी आणि स्टालिन औषधापुरता. १९४९ च्या फेब्रुवारीत तर कहर झाला. चीनवर लिहिणारी अमेरिकन पत्रकार ॲग्नेस स्मेडली सोव्हिएत हेर आहे, असं अमेरिकेच्या सैन्यानं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात मॉस्कोनं ॲना लुईस स्ट्राँग या दुसऱ्या अमेरिकन पत्रकाराला अमेरिकेची हेर ठरवून हाकलून दिलं. विल्फ्रेड बर्चेट या आपल्याच पत्रकाराला ऑस्ट्रेलियानं १९५५ ते १९७२ पासपोर्टच दिला नाही. एवढ्या सगळ्यांना ही मंडळी पुरून उरली. सांगलीत मात्र त्यांची जुनी पुस्तकं संपवायला फेव्हिकॉलची एक बाटली आणि चिकटपट्टीचं एक रीळ पुरतं.

ज्या मुलखानं १९४३ पासून पत्री सरकार चालवलं, तिथल्या माळ्यांवर अशी पुस्तकं निघतात याचं नवल नाही. लंडनच्या लेफ्ट बुक क्लबची नारिंगी मऊ कव्हरांची, मॉस्कोच्या स्वस्त आवृत्त्यांची, पुठ्ठा गळून पडलेली मराठी भाषांतरं. मालक हयात नसतो. वारस म्हणतात, "आजोबांची आठवण आहे, द्यायची नाहीत." आठवण कुठं आहे विचारलं, तर कूलरखाली एक, खिडकीच्या फटीत एक, आणि उरलेली रद्दीवाला पुढच्या रविवारी नेणार आहे. अशा वेळी पुस्तक मागू नये. "चार दिवसांत फोटो काढून परत देतो" म्हणावं. मागितलेलं पुस्तक कुणी देत नाही, पण फोटो काढून घ्यायला आपल्याकडे कुणाचीच ना नसते.

वाचनालयात शोधायचं तर वेगळी विद्या लागते. दाखल रजिस्टर लिहिणारा माणूस नाव वाचतो आणि वर्गांक, म्हणजे ड्यूई पद्धतीचा विषयाचा आकडा, टाकतो, पुस्तक उघडायला त्याला वेळ कुठला? एडगर स्नोचं 'रेड स्टार ओव्हर चायना' ९५१ मध्ये, चीनच्या इतिहासात हवं. ते नसेल तर ५२० मध्ये, खगोलशास्त्रात बघावं. रीडचं 'टेन डेज दॅट शुक द वर्ल्ड' आणि जॅक बेल्डनचं 'चायना शेक्स द वर्ल्ड' ही दोन्ही ५५१ मध्ये, भूकंपांच्या शेजारी सुखानं नांदू शकतात. स्मेडलीची 'डॉटर ऑफ अर्थ' ही कादंबरी ६३० मध्ये, ऊस लागवडीच्या पुस्तकांत. कार्डावर आडनाव स्मेडली, स्मेडले, स्मेड्ले असं तिन्ही प्रकारे शोधावं, आणि 'ॲ' खालीसुद्धा, कारण आपण माणसाला पहिल्या नावानं ओळखतो.

आता मुख्य शत्रू. सांगलीत पाऊस नसतानाही पूर येतो. कोयनेतून किती क्युसेक सुटलं आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं किती अडवलं, हे इथं शेंबडं पोरही सांगतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एवढं पाठ असूनही पुस्तकांचं कपाट तळमजल्यावर आणि रिकाम्या बरण्या माळ्यावर, ही आपली रचना कायम.

पाणी ओसरल्यावर हातात साधारण ४८ तास असतात. त्यानंतर बुरशी धरते. भिजलेली पुस्तकं फुगून फळीत घट्ट बसतात. कणा धरून ओढलं की कणा हातात आणि क्रांती फळीत राहते. दोन्ही बाजूंची पुस्तकं आधी मोकळी करावीत, मग मधलं सगळा पंजा लावून उचलावं. गाळ ओला असेल तर पुस्तक मिटून घट्ट धरावं आणि स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात हलकेच बुडवून काढावं. चोळायचं नाही. शाईनं समासात लिहिलेलं असेल तर हे स्नानही नको. रंगीत कापडी कव्हराच्या कोपऱ्याला आधी ओला कापूस टेकवावा. कापसावर रंग आला तर तिथंच थांबावं. गाळ वाळून गेला असेल तर पूर्ण सुकू द्यावा आणि मऊ ब्रशनं झाडावा. पाणी निथळावं म्हणून वर पाटा ठेवणारे लोक आहेत. त्यांना त्या घरातून काही काळ लांब पाठवावं.

निथळलेलं पुस्तक पंख्याच्या वाऱ्यात सुकवतात. गच्चीवर पापडांशेजारी नाही. उन्हात कागद पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो. दर आठ-दहा पानांमागं एक कोरा टीपकागद घालायचा आणि ओला झाला की बदलायचा. घातलेल्या कागदांची एकूण जाडी पुस्तकाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून वर गेली, तर कणा फाकतो. कोरा म्हणजे कोरा. छापील पेपर घातला की पेट्रोग्राडच्या मोर्चावर 'घडणावळीत सूट' उलट्या अक्षरांत उमटते.

गुळगुळीत पानं हे वेगळंच दुखणं. जुन्या पुस्तकांत फोटो ज्या चकचकीत कागदावर असतात, त्याच्यावर मातीसारखा लेप असतो. भिजून सुकला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की माओ आणि त्याचा सेनापती चू तेह यांच्यात कुणी फूट पाडू शकत नाही. ओली असतानाच प्रत्येक पानामागं बटर पेपर सरकवावा. तेवढा वेळ नसेल तर सरळ गोठवावं. प्रत्येक पुस्तक बटर पेपरमध्ये गुंडाळायचं, कणा खाली ठेवून क्रेटमध्ये एकाच ओळीत लावायचं, आणि उणे १८ अंशांखाली ठेवायचं. गोठल्यावर घाई संपते, पुढं दोन-दोन काढून सुकवता येतात. सांगलीत कोल्ड स्टोरेज चिक्कार, पण ती बेदाण्याची. तिथं ४-५ अंश असतात. बुरशी रेंगाळते, थांबत नाही. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर खरा उपयोगाचा. घरच्या फ्रीजरची परवानगी मिळवणं हे स्वतंत्र आंदोलन आहे. तिथं मटार, ओल्या नारळाचा चव आणि जावयासाठी राखलेलं काहीतरी आधीच असतं, आणि "त्या शेणकुटाला माझ्या मटारांशेजारी जागा नाही" हा ठराव एकमतानं मंजूर होतो.

कसर आणि इतर किड्यांवरही गोठवणं हाच उतारा. कोरडं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ ला दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी मरत नाही, वाचणाऱ्याचं डोकं तेवढं दुखतं. कडुनिंबाचा ओला पाला कपाटात कोंबणं म्हणजे ओल आपल्या हातानं आत नेणं. वाळवी लागली असेल तर पुस्तकाआधी भिंत बघा. कपाट भिंतीपासून चार इंच पुढं हवं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण, म्हणून पावसाळ्यात लोखंडी कपाट गच्च बंद ठेवू नये. बुरशी झाडायची ती एन-९५ मास्क लावून, अंगणात. डेटॉलनं पुसणारे असतात. डेटॉल जखमेला लावतात.

आता फेव्हिकॉलकडे येऊ. ते लाकडासाठी उत्तम आहे, आणि म्हणूनच कागदावर नको: एकदा बसलं की सुटत नाही. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो, आणि पट्टी गळून पडली तरी तपकिरी डाग अक्षरांसकट राहतो. सर्वांत वाईट लॅमिनेशन. आपल्याकडे प्रेम व्यक्त करायच्या दोन पद्धती आहेत, शाल-श्रीफळ आणि लॅमिनेशन, आणि दुसरीतून बाहेर पडता येत नाही.

लागते ती गव्हाच्या सत्त्वाची खळ. कुरडईचा चीक चालेल का, असं प्रत्येक घरातून विचारतात. नाही. तो तीन दिवस भिजवून आंबलेला असतो, आणि आंबट म्हणजे आम्ल. जुना कागद आम्लानंच तर मरत असतो. वाटीभर मैद्याचा गोळा मळून अर्धा तास ठेवावा, मग पाण्याच्या भांड्यात दाबत-पिळत धुवावा. हातात रबरासारखा चिकट गोळा उरतो, तो टाकायचा. पांढरं पाणी फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं की खाली सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून द्यावं. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आच, आणि वीस-पंचवीस मिनिटं हात न थांबवता ढवळणं. पांढरेपणा जाऊन पारदर्शक झालं की उतरवावं, गार झाल्यावर बारीक गाळणीतून दोनदा दाबून काढावं, आणि लागेल तसं पाणी घालून पातळ करावं. तीन-चार दिवस टिकते, वास आला की टाकून द्यायची. ती टिकावी म्हणून मोरचूद घालायचा सल्ला जुन्या बाइंडरांकडून हमखास मिळतो. नम्रपणे ऐकावा आणि घालू नये. मोरचूद किडे मारतो हे खरं, पण तांब्यानं कागदही लवकर कुजतो.

फाटलेल्या जागी जपानी टिश्यूची, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ पण चिवट कागदाची, पट्टी लावतात. ती कात्रीनं कापायची नाही. पाण्याची रेघ ओढून हातानं फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि ते धरून ठेवतात. पतंगाचा कागद तसाच दिसतो, पण त्याचा रंग सुटतो आणि तटस्थ पान गुलाबी होतं. पट्टीवर बटर पेपर, टीपकागद आणि वजन ठेवून रात्रभर दाबावं.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक परीक्षा. कोऱ्या समासाचा टोकाचा कोपरा हलकेच एकदा पुढं, एकदा मागं दुमडायचा. तुटला तर दुरुस्ती विसरा, आधी फोटो काढा. युद्धकाळातला कागद बहुतेक असाच निघतो. लाकडाचा लगदा न शुद्ध करता वापरलेला, वर तुरटीची प्रक्रिया. आतून स्वतःलाच खात बसतो. असं पुस्तक बाइंडिंगला तर अजिबात देऊ नये. बाइंडर प्रेमळ माणूस असतो. तो कडेनं भोकं पाडून दोरा ओवतो, मग शोभा यावी म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मारतो. आजोबांनी समासात पेन्सिलीनं केलेला वाद कटिंगच्या ढिगात जातो, आणि आतल्या बाजूचे शब्द शिवणीत. हवं असेल तर आम्लविरहित पुठ्ठ्याची पेटी करून मागावी. तो "पेटी? मिठाईची?" असं विचारेल.

फोटो काढायला महागडं यंत्र लागत नाही. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, १६५० गुणिले २५५० पिक्सेल होतात, म्हणजे चार मेगापिक्सेलच्या जरा वर. बारा मेगापिक्सेलचा फोन पुष्कळ झाला. पुस्तक १८० अंशांत उताणं पाडायचं नाही. दोन फळ्यांच्या व्ही आकाराच्या घोडीवर १०० अंशांपर्यंत उघडायचं आणि फोन पानाला समांतर स्टँडवर लावायचा. दिवे दोन, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर. फ्लॅश बंद. पातळ कागदात मागची अक्षरं दिसत असतील तर पानामागं काळा कागद सरकवावा. स्कॅनिंग ॲपचं 'सुधारणा' बटण बंद ठेवावं. ते पेन्सिलीच्या खुणा घाण समजून पुसून टाकतं. मूळ प्रत रंगीत टिफ फाइलमध्ये, म्हणजे फोटोतलं काही न गाळता, पानाला साडेबारा एमबी, म्हणजे चारशे पानांना ५ जीबी. फाइलला ०००१ पासून नाव द्यावं. नुसतं १, २ दिलं तर संगणक १ नंतर १० आणि १०० लावतो, आणि हिवाळी राजवाडा मोर्चा निघायच्या आधीच पडतो.

मग मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर चालवायचं. जुन्या खिळ्यांच्या छपाईतल्या जोडाक्षरांपुढं ते हात टेकतं, 'बोल्शेव्हिक' दर पानावर नवा पक्ष होतो. सुधारताना एक पथ्य: १९६२ च्या आधीच्या पुस्तकांत 'पुस्तकें', 'आलीं' असे अनुस्वार असतात, ते तसेच ठेवायचे. निवृत्त मराठी शिक्षक हाती लागले तर मदतीला घ्यावेत, पण लाल पेन काढून ठेवून.

कायद्याचं गणित सोपं आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. रीड १९२० मध्ये गेला आणि स्मेडली १९५० मध्ये, दोघंही मोकळे. स्ट्राँग १ जानेवारी २०३१ ला, स्नो २०३३ ला, बर्चेट थेट २०४४ ला. भाषांतरकाराचा हक्क वेगळा, तोही असाच मोजायचा. मूळ मोकळं म्हणून भाषांतर मोकळं नाही. मात्र ना-नफा सार्वजनिक वाचनालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी ती डिजिटल करून ठेवायला कायद्याच्या कलम ५२ ची मुभा आहे. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रतीही वाचनालयाला स्वतःसाठी काढता येतात.

डिजिटल प्रती तीन ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. दुसरं गाव म्हणजे शेजारची गल्ली नव्हे. दोन्ही एकाच रात्री पाण्यात जातात. आपला जिल्हा या बाबतीत सोयीचा आहे. अर्ध्यात महापूर, अर्ध्यात टँकर. तिसरी प्रत टँकरच्या बाजूला, जतला ठेवावी. बर्चेट मोकळा होईपर्यंत हार्ड डिस्क तीन-चारदा बदलावी लागणार, म्हणून दरवर्षी मे महिन्यात, वळीव सुरू व्हायच्या आत, तिन्ही प्रती उघडून पाहाव्यात, फाइलींची बेरीज (चेकसम, म्हणजे फाइल बिघडली तर बदलणारा आकडा) जुळते का तपासावं आणि मगच तळमजल्यावरची कपाटं वर हलवायला घ्यावीत.