साठीतलं प्रेम आणि डोक्यावरचा चष्मा

बास झालं आता! उतारवयातल्या प्रेमाचा एकही विनोदी सिनेमा चष्मा हरवल्याशिवाय का सुरू होत नाही? बाई उशा उचकणार, पर्स पालथी घालणार, चष्मा डोक्यावरच असणार आणि आपण हसायचं. कितव्यांदा?

नायिका विधवा, नाहीतर नवऱ्याने टाकलेली. मजेत एकटी राहिलेली बाई या लेखकांना जन्मात भेटलीच नाही वाटतं! घर मात्र समुद्रकाठी. गुडघे? ठणठणीत. जिना धावत चढते मेली. मला पन्नाशीत दुसऱ्या मजल्यावर देव आठवतो.

आणि वयाचा हिशेब तर विचारूच नका. ‘चीनी कम’मध्ये (२००७) तो ६४ चा, ती ३४ ची. उलटं करून दाखवा ना एकदा! हॉलिवूडच्या ‘समथिंग्ज गॉटा गिव्ह’ने (२००३) हिंमत केली म्हणे. जॅक निकल्सनला हृदयविकाराचा झटका येतो (तो यायलाच हवा, त्याशिवाय पुरुषाला अक्कल येत नाही), त्याच्यावर उपचार करणारा कियानू रीव्ह्ज पन्नाशी उलटलेल्या नायिकेच्या, डायन कीटनच्या, प्रेमात पडतो. देखणा, तरुण, वर डॉक्टर! आणि शेवटी बाई जाते कुणाकडे? त्या म्हाताऱ्याकडेच. अरे, कशासाठी?

शिवाय पोरं! चाळिशीची घोडी झालेली मुलगी दारात उभी राहून किंचाळते, “आई, या वयात?” अगं, मग कुठल्या वयात? तू शाळेत असताना तुझे डबे भरत होती ना ती!